इशारा आणि स्टॉल एकाच क्षणी : हलक्या विमानाच्या स्टॉल-संरक्षण यंत्रणेच्या चाचणीचा प्रकरण अभ्यास

दोन आसनांच्या, एका इंजिनाच्या हलक्या विमानावर बसवलेली एक स्टॉल-संरक्षण यंत्रणा (पंखाची उचल एकाएकी ढासळणे म्हणजे स्टॉल) उड्डाण चाचणीसाठी आमच्याकडे आली, तेव्हा तिच्या जमिनीवरच्या सर्व तपासण्या पूर्ण झालेल्या होत्या आणि कागदोपत्री तिच्यात एकही दोष उरलेला नव्हता. पहिल्या दहा उड्डाणांनीही तसाच कौल दिला. अकराव्या उड्डाणात चाचणी वैमानिकांनी विमान ४५ अंश कलवून उजवीकडे वळवले आणि स्टिक, म्हणजे नाक वर-खाली करणारा हातातला दांडा, नेहमीपेक्षा जरा चपळाईने मागे ओढली, तेव्हा पंख निसटला, म्हणजे स्टॉल झाला, आणि इशाऱ्याचा आवाज त्याच क्षणी कानावर आला. उतरल्यावर त्यांनी नोंदवहीत एकच वाक्य लिहिले : ‘इशारा आणि स्टॉल एकत्र आले, यंत्रणेने ढकलले ते मी स्टिक पुढे नेल्यानंतर.’ हे प्रकरण त्या वाक्याच्या शोधाचे आहे.

यंत्रणेचे काम

वेग कमी झाला की विमान स्टॉल होते, असे सर्रास म्हटले जाते आणि सरळ, संथ उड्डाणात ते खरेही ठरते; पण स्टॉलचे मूळ कारण वेग नसून पंख आणि समोरून येणारी हवा यांच्यातला कोन हे आहे. हा कोन, म्हणजे अँगल ऑफ अटॅक, एका मर्यादेपर्यंत वाढवला की पंखाची उचल वाढते; मर्यादा ओलांडली की पंखावरून वाहणारी हवा पृष्ठभाग सोडते आणि उचल ढासळते. वळणात पंखांना विमानाच्या वजनापेक्षा जास्त भार पेलावा लागतो, म्हणून तीच मर्यादा जास्त वेगाला गाठली जाते. सरळ उड्डाणात ५० नॉटला (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) स्टॉल होणारे आमचे विमान उंची राखून ४५ अंशांच्या वळणात सुमारे साडेएकोणसाठ नॉटला आणि ६० अंशांच्या वळणात जवळजवळ ७१ नॉटला स्टॉल होते. उतरण्याआधीच्या शेवटच्या वळणात, धावपट्टीची रेषा हुकते आहे असे वाटून वैमानिक वळण आवळतो, तेव्हा वेगदर्शक सुरक्षित आकडा दाखवत असतानाही पंख मर्यादेवर पोहोचलेला असू शकतो. त्या उंचीवर सावरायला जागा नसते. ही यंत्रणा खरे तर त्याच जागेसाठी आहे, हे मी आरंभीच सांगून ठेवतो, कारण पुढचा सगळा शोध त्याभोवती फिरतो.

डाव्या पंखाखाली दांडीवर बसवलेले एक हलके पाते हवेच्या दिशेप्रमाणे फिरते, त्याच्या आसाला जोडलेला सेन्सर कोन मोजतो आणि संगणक तो वाचतो. स्टॉलच्या ४ अंश आधी आवाजाचा इशारा आणि स्टिकची थरथर सुरू होते. १ अंश उरला असता एक सर्व्हो, म्हणजे संगणकाच्या आज्ञेने चालणारी मोटर, स्टिक हळूच पुढे ढकलते. तिचे बळ मुद्दाम मर्यादित ठेवलेले आहे, आणि मध्ये घसरणारा क्लच असल्यामुळे वैमानिक ते हाताने सहज मोडून काढू शकतो.

हे ४ अंश कुठून आले, तेही सांगायला हवे. आमच्या पंखाची उचल शून्य असते तिथपासून स्टॉलपर्यंत सुमारे १८ अंशांचा पल्ला आहे. समतोल उड्डाणात हा कोन वेगाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो, म्हणून ५७ नॉटला पंख साधारण १४ अंशांवर असतो आणि स्टॉलला ४ अंश उरलेले असतात. अमेरिकेच्या लहान विमानांच्या नियमावलीत, म्हणजे भाग २३ मध्ये, २०१७ च्या फेररचनेपर्यंत असे स्पष्ट लिहिलेले होते की वेग सेकंदाला १ नॉट या दराने कमी होत असताना इशारा स्टॉलच्या किमान ५ नॉट आधी सुरू व्हावा आणि स्टॉलपर्यंत चालू राहावा. आम्ही ७ नॉट धरले होते. त्याच कलमात पुढे आणखी एक अट होती : वेग सेकंदाला ३ ते ५ नॉट या दराने घटवत केलेल्या वळणातल्या स्टॉलमध्ये इशारा इतका आधी यावा की तो ऐकल्यावर वैमानिकाला स्टॉल टाळता आला पाहिजे. या दुसऱ्या अटीत नॉटचा आकडाच नाही. ती काळाची अट आहे. मला ही दोन वाक्यांची जोडी फार विचारपूर्वक लिहिलेली वाटते, आणि आमच्या चाचणीपत्रकात पहिल्या वाक्यासाठी नऊ रकाने होते, दुसऱ्यासाठी फक्त ‘समाधानकारक / असमाधानकारक’ एवढाच एक, ही आमची पहिली चूक होती.

चुकीच्या वाटेवरची तीन उड्डाणे

पहिला संशय साहजिकच पात्याच्या जागेवर गेला. पंखाजवळची हवा पंखामुळेच वर वळलेली असते, म्हणून तिथले पाते खऱ्या कोनापेक्षा वेगळा कोन दाखवते आणि त्याचे सुधारणा-कोष्टक तयार करावे लागते. सरळ, स्थिर उड्डाणात हे सोपे असते : विमानाच्या नाकाचा क्षितिजाशी असलेला कोन आणि विमान ज्या वाटेने प्रत्यक्ष पुढे सरकते तिचा कोन यांतला फरक म्हणजेच खरा कोन. आमचे कोष्टक याच रीतीने केलेले होते. परंतु विमान आडवे घसरत असेल, तर एका पंखाखालच्या पात्यावर हवा तिरकी येते आणि ते कोष्टक तिथे लागू पडत नाही. अकराव्या उड्डाणात वळण उजवीकडे होते, पाते डावीकडे होते आणि रडर, म्हणजे शेपटीवरचे उभे सुकाणू, थोडा कमी पडला होता. सगळे जुळत होते.

म्हणून आम्ही पंखावर लोकरीचे धागे चिकटवले, पंखाकडे रोखलेला कॅमेरा बसवला आणि तीन उड्डाणांत मुद्दाम थोडे घसरत, दोन्ही बाजूंना, सावकाश स्टॉल केले. प्रत्येक स्टॉल जमिनीपासून ५,००० फुटांहून अधिक उंचीवर, पॅराशूट बांधून आणि हवा शांत असताना. धाग्यांनी जे दाखवले ते पाहण्यासारखे होते. पंखाच्या मुळाशी, मागच्या कडेजवळचे धागे आधी नुसते शहारतात, मग एकेक करून उलटे फिरून पुढच्या कडेकडे पाहू लागतात आणि हा उलटा प्रवाह मुळाकडून टोकाकडे पसरत जातो. टोकाजवळचे धागे मात्र बराच वेळ सरळ राहतात, म्हणून एलेरॉनचा, म्हणजे टोकाजवळच्या, विमान कलवणाऱ्या पट्ट्यांचा ताबा टिकतो. अनेक हलक्या विमानांच्या पंखाला टोकाकडे किंचित पीळ दिलेला असतो, तो याचसाठी.

घसरण्यामुळे पात्याच्या वाचनात पडणारा फरक जेमतेम १ अंश निघाला. तो खरा होता आणि त्याची नोंद झाली. पण इशाऱ्याचे ४ अंश गिळून टाकायला तो पुरेसा नव्हता. सावकाश केलेल्या प्रत्येक स्टॉलमध्ये, घसरत असो वा नसो, इशारा वेळेवर आला. तीन उड्डाणे आणि जवळजवळ एक आठवडा त्यात गेला. मला त्याचे वाईट वाटत नाही, कारण हा फरक कधीतरी मोजायचाच होता; पण आम्ही कारण आधी ठरवले आणि चाचणी त्या कारणाला साजेशी रचली, हे मान्य करायला हवे. अकराव्या उड्डाणात वेगळे काय होते, तर स्टिक ओढण्याची चपळाई, आणि नेमकी तीच आमच्या तीनही उड्डाणांत नव्हती.

पाते आणि पडद्यावरचा आकडा

उलगडा झाला तो धाग्यांच्या चित्रफितीतूनच, पण धाग्यांमुळे नव्हे. कॅमेऱ्याच्या चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात पाते दिसत होते. चित्रफीत आणि संगणकाची नोंद यांचे काळ जुळावेत म्हणून आम्ही प्रत्येक स्टॉलच्या आधी एक छोटा दिवा चमकवत असू आणि त्याच क्षणाची खूण नोंदीतही पडत असे. आमच्या चमूतल्या सर्वांत तरुण अभियंत्याने बाराव्या उड्डाणाच्या शेवटी वैमानिकांनी विमान मोकळे करताना घेतलेला एक साधा झोका चौकटीगणिक पुढे सरकवून पाहिला. पाते वर फिरून थांबलेले चौकटीत स्पष्ट दिसत होते. त्याच क्षणीचा नोंदीतला आकडा अजून वर चढतच होता. पुढच्या चौकटींत पाते स्थिर, आकडा चढता. पाते खाली येऊ लागले, तेव्हा कुठे आकडा शिखरावर पोहोचला, आणि ते शिखरही पात्याच्या खऱ्या शिखरापेक्षा बुटके होते.

पाते बरोबर सांगत होते. संगणक ते उशिरा ऐकत होता.

सॉफ्टवेअरच्या बदलांची वही काढली, तेव्हा तिसऱ्या उड्डाणानंतरची एक ओळ सापडली. त्या उड्डाणात हवा खवळलेली होती, उतरताना इशारा पुन्हा पुन्हा वाजत होता आणि वैमानिकांनी रास्त तक्रार केली होती. ५७ नॉट वेगाने जाणाऱ्या विमानाला ३ नॉटचा वरच्या दिशेचा झोत लागला, तरी पंखाचा कोन क्षणभर ३ अंशांनी वाढतो. तेव्हा पात्याची अशी थरथर अपेक्षितच होती. तक्रार दूर करण्यासाठी वाचनावर ०.८ सेकंद काळाचा फिल्टर, म्हणजे झटपट चढउतार गुळगुळीत करणारी प्रक्रिया, लावण्यात आला. बदलानंतर जमिनीवरची तपासणी पुन्हा झाली आणि यंत्रणा पुन्हा उत्तीर्ण झाली, कारण त्या तपासणीत पाते हाताने एका कोनावर नेऊन, कोनमापकाशी ताडून, आकडा स्थिरावल्यावर तो लिहून घेतला जात असे. आकडा स्थिरावल्यावर! फिल्टरचा दोष ज्या काळात दिसतो, तो काळ संपेपर्यंत थांबूनच आम्ही नोंद करत होतो.

हिशेब सोपा आहे. एकसारख्या दराने वाढणाऱ्या कोनासाठी असा फिल्टर दर गुणिले ०.८ सेकंद एवढे मागे राहतो. वेग सेकंदाला १ नॉट घटत असताना इशाऱ्याच्या आसपास कोन सेकंदाला अर्ध्या अंशाने वाढतो, पिछाडी ०.४ अंशाची, म्हणजे एका नॉटहूनही कमी. इशारा ५७ ऐवजी ५६ नॉटला आला, जो नियमात बसत होता आणि कोणाच्या लक्षातही येणार नव्हता. पण वळणात स्टिक ओढून कोन सेकंदाला ४ अंशांनी वाढवला, तर पिछाडी ३.२ अंशांची होते. इशारा वाजतो तेव्हा स्टॉल ०.८ अंशांवर, म्हणजे एक पंचमांश सेकंदावर असतो. दर ५ अंशांचा झाला की शिल्लक शून्य. वैमानिकांचे वाक्य शब्दशः खरे होते.

ढकलण्याची बाब त्याहून गंभीर होती, आणि ती आम्ही आधी दुय्यम मानली याची मला अजूनही खंत आहे. सर्व्होला आज्ञा १ अंश उरला असता मिळायची. त्या दराला ती स्टॉल उलटून २.२ अंश झाल्यावर मिळत होती, आणि मोटर प्रत्यक्ष हलायला आणखी काही क्षण. तोपर्यंत सावध वैमानिकाने स्वतःच स्टिक पुढे नेलेली असते. त्याच्या ढकलण्यात यंत्रणेचे ढकलणे मिळाले की नाक गरजेपेक्षा खोल जाते आणि उंची हकनाक खर्ची पडते. ५,००० फुटांवर ती नोंदीतली एक ओळ आहे. ५०० फुटांवर ती तशी राहणार नाही.

दुरुस्ती आणि तिची परीक्षा

सर्वांत आधी पुढे आलेली सूचना होती इशाऱ्याची मर्यादा ४ वरून ७ अंशांवर नेण्याची. ती मी ठामपणे नाकारली. तसे केले असते तर प्रत्येक उतरणीत, जमिनीजवळ नाक उचलताना, इशारा वाजत राहिला असता. आणि सुरक्षित विमानात रोज वाजणारा इशारा वैमानिकाचा कान काही दिवसांतच ऐकेनासा होतो. नेहमीच्या रीतीने उड्डाण घेताना आणि उतरायला येताना इशारा वाजता कामा नये, अशी अट त्या जुन्या कलमातही होती. फिल्टर काढून टाकणे हाही उपाय नव्हता, कारण मूळ तक्रार खोटी नव्हती.

निवडलेला मार्ग असा : संथ बदल पात्याकडून घ्यायचा आणि झटपट बदल गायरोकडून. नाक किती वेगाने वर फिरते आहे हे गायरो त्या क्षणी सांगतो आणि हवेच्या झोतांनी तो पात्याइतका विचलित होत नाही. पहिल्या आवृत्तीत मात्र आम्ही एक ढोबळ चूक केली. ४५ अंशांच्या स्थिर वळणात ७० नॉटला विमानाचे नाक त्याच्या स्वतःच्या अक्षांत सेकंदाला सुमारे ११ अंशांनी सतत ‘वर’ फिरत असते, कारण विमानाची वाटही तेवढ्याच दराने वळत असते; पंखाचा कोन त्यात बदलत नाही. नुसता गायरो घेतला तर यंत्रणेला वाटते की कोन भराभर वाढतो आहे. म्हणून वाट किती वळते आहे हे त्वरणमापकावरून आणि वेगावरून काढून गायरोच्या आकड्यातून वजा करावे लागते. उरतो तो कोनाचा खरा बदल. ही चूक हवेत जाण्याआधी पकडली गेली, कारण आता जमिनीवरची तपासणी बदललेली होती.

ती तपासणी अशी. पात्याच्या आसासमोर एक छोटी स्टेपर मोटर, म्हणजे मोजून पावलापावलाने फिरणारी मोटर, बसवली आणि पाते सेकंदाला १, २, ४ आणि ८ अंशांनी फिरवले. मोटरचा कोन आणि संगणकाचा कोन एकाच कागदावर काढले. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये दोन समांतर तिरक्या रेषा आल्या. दर वाढवत गेलो तशी त्यांच्यातली उभी फट रुंदावत गेली, पण आडवी फट प्रत्येक वेळी तीच, ०.८ सेकंद. कोनातली चूक दरागणिक बदलत होती, काळातली चूक एकच होती. तो कागद आम्ही भिंतीवर लावला. मग आधीच्या सर्व उड्डाणांतल्या नोंदी, पाते, गायरो, त्वरण आणि वेग या चारही, नव्या सॉफ्टवेअरला जशाच्या तशा पुन्हा ऐकवल्या. स्थिर वळणातला खोटा इशारा तिथेच वाजला.

बिघाडाची चाचणीही याच खोलीत केली. पाते ६ अंशांवर अडकले तर काय, तार तुटली तर काय, दुरुस्तीत पाते काही अंश चुकीचे बसवले तर काय? हे प्रश्न पुस्तकी नाहीत. २७ नोव्हेंबर २००८ रोजी फ्रान्समधील पेर्पिन्याँजवळ समुद्रात कोसळलेल्या एअरबस ए-३२० विमानात, काही दिवस आधी धुताना शिरलेले पाणी उंचावर गोठल्याने तीनपैकी दोन सेन्सर जवळजवळ सारख्याच कोनावर अडकले होते. दोघांचे एकमत झाल्याने बरोबर असलेला तिसरा बाद ठरला. विमानातील सातही जण दगावले, आणि ते त्या वेळी स्टॉल-संरक्षणाचीच चाचणी घेत होते, तीही कमी उंचीवर. २९ ऑक्टोबर २०१८ च्या, इंडोनेशियातील लायन एअरच्या विमान अपघातातील सेन्सर सुमारे २१ अंशांनी चुकीचा होता, बसवल्यानंतरच्या तपासणीत ते पकडले गेले नाही, आणि नाक खाली ढकलणारी प्रणाली त्या एकाच सेन्सरवर विसंबून होती. १८९ माणसे गेली. ती मोठी विमाने होती, पण एका पात्यावर विसंबून स्टिक ढकलणारी आमची यंत्रणा तत्त्वतः त्याच जागी उभी होती. म्हणून आम्ही नियम घातला : पाते सांगते तो कोन आणि वेग, भार व वजन यांवरून काढलेला कोन यांत ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त तफावत दिसली, तर ढकलणे बंद, इशारा चालू, आणि वैमानिकासमोर पिवळा दिवा. ढकलणे चुकले तर ते हानी करते. इशारा चुकला तर तो फक्त त्रास देतो.

येथे एक आठवण द्यावीशी वाटते. सेस्ना १७२ सारख्या विमानांत पंखाच्या पुढच्या कडेला एक छोटे छिद्र असते. कोन वाढला की तिथे चोषण निर्माण होते आणि आतली रीड पिपाणीसारखी वाजते. उड्डाणापूर्वी छिद्रावर रुमाल धरून तोंडाने हवा ओढली की ती वाजते का, हे कळते. ही तपासणी चांगली आहे आणि ती रोज करावीच. तिने पिपाणी वाजते हे सिद्ध होते. केव्हा वाजेल, हे नाही. आमची जुनी तपासणी इतके महाग उपकरण वापरूनही त्याच पायरीवर थांबलेली होती.

पुन्हा हवेत

एकोणिसाव्या उड्डाणात तेच वळण, तीच चपळाई. पिछाडी आता ०.१ सेकंदाच्या आसपास होती, म्हणून सेकंदाला ४ अंशांच्या दराला इशारा स्टॉलच्या सुमारे ३.६ अंश, म्हणजे ०.९ सेकंद आधी आला. वैमानिकांनी पहिल्या वेळी इशारा ऐकताच स्टिक सैल केली आणि पंख निसटला नाही. दुसऱ्या वेळी त्यांनी ठरल्याप्रमाणे हात तसाच ओढत ठेवला. सर्व्होने ढकलले, क्लच घसरला, बळ त्यांना जाणवले आणि त्यांनी ते मोडून काढून दाखवले. तिसऱ्या वेळी त्यांनी ढकलू दिले. उतरल्यावर आमच्या चाचणी वैमानिक म्हणाल्या, ‘आता ती माझ्या आधी बोलते.’ ०.९ सेकंद हा काही ऐसपैस अवधी नाही. बेसावध माणसाचा हात हलायलाच त्याहून जास्त वेळ लागू शकतो. झटक्याच्या स्टॉलमध्ये खरा आधार ढकलण्याचाच राहतो, म्हणून त्याच्या वेळेची चाचणी इशाऱ्याच्या चाचणीपेक्षा कडक हवी, असे माझे मत या प्रकरणाने पक्के झाले.

चाचणीपत्रकात आता प्रत्येक स्टॉलपुढे कोनवाढीचा दर आणि इशाऱ्यापासून स्टॉलपर्यंतचा काळ असे दोन रकाने आहेत. सॉफ्टवेअरमधला कोणताही बदल, मग तो कितीही किरकोळ असो, स्टेपर मोटरच्या चारही दरांतून गेल्याशिवाय विमानात भरला जात नाही. घसरण्यामुळे येणारा १ अंशाचा फरक अजून शिल्लक आहे. फ्लॅप, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या खाली वळणाऱ्या पट्ट्या, पूर्ण खाली असताना तो वाढतो, आणि उतरण्याआधीचे वळण त्याच स्थितीत घेतले जाते. त्यासाठी उजव्या पंखाखाली दुसरे पाते बसवून दोघांची सरासरी घेण्याचे काम सुरू आहे, आणि ते पाते सध्या त्याच मोटरसमोर सेकंदाला ८ अंशांनी फिरते आहे.